मठ बंद करण्यापूर्वी गावाला विचारा

प्रति,
सिस्टर सिमोना ब्रांबिला,
प्रमुख, समर्पित जीवन संस्थांचे खाते,
व्हॅटिकन

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कॅनन कायद्यातलं ६१६ वं कलम आपल्याला तोंडपाठ असेल. व्रतस्थांचं, म्हणजे व्रत घेतलेल्या साधूंचं किंवा भगिनींचं, एखादं घर बंद करायचं झालं तर ते कुणी आणि कसं करायचं, हे त्याच्या चार पोटकलमांत सांगितलं आहे. निर्णय संस्थेच्या सर्वोच्च प्रमुखांनी घ्यायचा, पण त्याआधी तिथल्या बिशपांचा सल्ला घ्यायचा. स्वायत्त मठ असेल तर, संस्थेच्या घटनेत वेगळं काही नसल्यास, महासभेने ठरवायचं. भगिनींचा स्वायत्त मठ असेल तर फक्त रोमने, म्हणजे व्यवहारात आपल्या खात्याने. मागे राहणाऱ्या मालमत्तेची व्यवस्था लावताना संस्थापकांची आणि देणगीदारांची इच्छा सांभाळायची, रीतसर मिळालेल्या हक्कांना धक्का लावायचा नाही. हे सगळं योग्यच आहे. पण ज्या गावात तो मठ शे-दीडशे वर्षं उभा आहे, त्या गावाचा या कलमात एका शब्दानेही उल्लेख नाही. मठ बंद करण्यापूर्वी गावाला विचारावं अशी सक्ती चर्चच्या कायद्यात कुठेच नाही. ती असावी, एवढं मागण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी व्रतस्थ नाही आणि कायद्याची अभ्यासकही नाही. माझं आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलं. शाळा बंद झाली की वस्तीचं काय होतं, हे कुठल्याही शिक्षिकेला वेगळं सांगावं लागत नाही. आधी मुलांचे आवाज जातात, मग तरुण आईबाप दुसरीकडे घर बघू लागतात, आणि काही वर्षांत गावात फक्त म्हातारी माणसं उरतात. मठ आणि शाळा दोन्ही एकाच आवारात असतील तर हे सगळं दुपटीने घडतं.

मोठ्या शहरातून एखादा मठ गेला तर शहराला त्याची खबरही लागत नाही. दोन-तीन हजार वस्तीच्या गावाचं तसं नसतं. तिथे मठ हा बहुतेक वेळा सगळ्यांत मोठा जमीनमालक असतो, सगळ्यांत जास्त लोकांना काम देणारा असतो, आणि अनेकदा आसपासची एकमेव चांगली शाळा त्याचीच असते. मठाच्या स्वयंपाकघरात राबणारी, शेतावर जाणारी, वसतिगृहातल्या मुलांचे कपडे धुणारी, शाळेत शिकवणारी आणि मुलांना ने-आण करणारी माणसं याच गावची. त्यांच्या पगारावर गावातली दुकानं चालतात. मठाच्या घंटेवर दिवसाचे प्रहर ठरतात, आणि ते प्रार्थनेला कधीही न जाणाऱ्या माणसाचेही ठरतात.

संत बेनेडिक्टने मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीत ६६ व्या प्रकरणात म्हटलं आहे की पाणी, गिरणी, बाग आणि निरनिराळे कारखाने हे सगळं शक्यतो मठाच्या आवारातच असावं, म्हणजे साधूंना बाहेर भटकावं लागणार नाही. नियम केला गेला तो आतल्या माणसांना आत ठेवण्यासाठी. घडलं असं की बाहेरची माणसं त्या आवाराभोवती येऊन राहिली. गिरणी असेल तिथे दळण घेऊन लोक येणारच, आणि बारमाही पाणी असेल तिथे घरं उभी राहणारच. त्याच नियमावलीचं ५७ वं प्रकरण सांगतं की मठात तयार झालेला माल बाहेरच्यांपेक्षा थोडा स्वस्त विकावा. अशा शेजाऱ्याजवळ कुणाला राहावंसं वाटणार नाही? पुढे त्या आवारात शाळा आली आणि गाव कायमचं बांधलं गेलं. ही गावं मठाला योगायोगाने चिकटलेली नाहीत. मठाच्या जगण्याच्या पद्धतीतूनच ती जन्मली आहेत.

स्वित्झर्लंडमधल्या एंगेलबर्गचा मठ ११२० मध्ये स्थापन झाला, आणि १७९८ पर्यंत त्या खोऱ्याचा कारभार मठाधिपतीच पाहत होते. ती सत्ता कधीच गेली. मठ मात्र आहे, आणि मठाची शाळाही आहे. एकोणिसाव्या शतकात स्विस मठांवर बंदीचं सावट आलं होतं. आरगाऊ प्रांताने १८४१ मध्ये मुरीचा मठ बंद केल्याची आठवण अजून ताजी होती. उद्या आपल्यालाही घालवलं तर कुठेतरी आसरा असावा, म्हणून एंगेलबर्गने आपली माणसं अमेरिकेत पाठवली. १८७३ मध्ये मिसुरीतल्या कन्सेप्शनला आणि १८८२ मध्ये ऑरेगनमधल्या माउंट एंजेलला.

या माउंट एंजेलबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मठ, शाळा आणि गाव या तिघांचं नातं किती गुंतागुंतीचं असतं ते तिथे नीट दिसतं. गावाची वस्ती आजही साडेतीन हजारांच्या आत आहे. मठ १८९२ मध्ये जळला, १९२६ मध्ये पुन्हा जळला आणि दोन्ही वेळा नव्याने बांधला गेला. टेकडीवर साधू आणि खाली गावात बेनेडिक्टाइन, म्हणजे बेनेडिक्टची नियमावली पाळणाऱ्या, भगिनी, अशी तिथली रचना. भगिनींनी मुलींची शाळा काढली, मग शिक्षिका तयार करणारं विद्यालय सुरू केलं, आणि त्यातून पुढे कॉलेज झालं. शेतकऱ्यांच्या मुलींना शिकून आसपासच्या शाळांत शिकवायला जाता यावं, अशी सोय त्या काळात खेड्यात किती ठिकाणी होती? टेकडीवरच्या मठाने १९७० मध्ये नवं ग्रंथालय उघडलं. ते आखलं होतं अल्वार आल्टो या फिनलंडच्या थोर वास्तुकाराने. एवढ्याशा गावात अशी इमारत उभी राहते, कारण तिथे कुणीतरी पुढच्या दोनशे वर्षांचा विचार करत असतं. मठाखेरीज हा विचार खेड्यात दुसरं कोण करतं?

खालचं कॉलेज मात्र पैशाच्या ओझ्याखाली १९७३ मध्ये थांबलं. त्याच जागेत त्याच वर्षी कोलेहिओ सेसार चावेस हे कॉलेज सुरू झालं. मेक्सिकन वंशाच्या लोकांनी आपल्या समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतः चालवलेलं हे कॉलेज होतं, आणि त्याला नाव होतं शेतमजुरांच्या पुढाऱ्याचं. दहा वर्षं कर्जाशी झगडून १९८३ मध्ये तेही बंद पडलं. नंतर त्या जागी भगिनींनी बेघर कुटुंबांसाठी निवारा चालवला. या सगळ्यात यश किती आणि अपयश किती, याचा हिशेब मला करायचा नाही. मला एवढंच दिसतं की त्या खोऱ्यात फळं-भाज्या काढणारी ही माणसं १८८२ च्या कुठल्याही कागदात नव्हती. शंभर वर्षांनी ती तिथे होती, आणि भगिनींच्या भिंती त्यांच्या कामी आल्या. एखाद्या जागेची आज कुणाला गरज आहे हे जुन्या दानपत्रात लिहिलेलं नसतं. त्यासाठी आज त्या गावात कोण राहतं ते बघावं लागतं, आणि त्यांच्याशी बोलावं लागतं.

आता बंद होण्याकडे येते.

स्कॉटलंडमध्ये लॉख नेसच्या टोकाला फोर्ट ऑगस्टस नावाचं खेडं आहे. तिथला जुना लष्करी किल्ला १८७६ मध्ये लॉर्ड लोवॅट यांनी बेनेडिक्टाइनांना दिला. १८९० च्या सुमारास साधूंनी वाहत्या पाण्यावर टर्बाइन बसवून वीज तयार केली आणि मठाबरोबर गावातही दिवे लावले. ब्रिटनमधल्या बहुतेक खेड्यांनी तेव्हा वीज पाहिलीही नव्हती. मठातला ऑर्गन वाजू लागला की गावातले दिवे मंदावायचे, असं तिथे अजून सांगतात. १९९३ मध्ये शाळा बंद झाली आणि १९९८ मध्ये साधू निघून गेले. आज त्या इमारतीत सदनिका आहेत.

इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या स्ट्रॅटन-ऑन-द-फॉस या खेड्यात डाउनसाइड मठाचे साधू १८१४ पासून होते. फ्रेंच राज्यक्रांतीत त्यांना फ्रान्समधल्या डुएहून पळून यावं लागलं होतं. २०२० मध्ये त्यांनी डाउनसाइड सोडायचं ठरवलं आणि २०२२ मध्ये ते डेव्हनमधल्या बकफास्टला राहायला गेले. पण त्याआधीच, २०१९ मध्ये, शाळेचा कारभार मठापासून वेगळा करून स्वतंत्र विश्वस्तांकडे दिला होता. साधू गेले, तरी शाळा चालू राहिली. शाळेचं भवितव्य मठाच्या भवितव्याला बांधून ठेवलंच पाहिजे असं नाही, हे इथे स्पष्ट दिसतं. मात्र हे काम निघण्याच्या आधी करावं लागतं. निघताना ते होत नाही.

आणि मग आयर्लंडमधलं माउंट मेलेरे. या उदाहरणाने मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ केलं. फ्रान्समधल्या मेलेरेच्या मठातून १८३१ मध्ये तिथल्या सरकारने आयरिश साधूंना हुसकावून लावलं. ते मायदेशी परतले आणि वॉटरफर्डच्या डोंगरउतारावर त्यांना जमीन मिळाली, तीही दगडधोंड्यांची आणि झुडपांची, जिथे कधी नांगर लागला नव्हता. ती जमीन साधूंनी एकट्याने कसली नाही. आसपासच्या धर्मग्रामांतले लोक कुदळी-फावडी घेऊन गटागटाने तिथे गेले, दगड वेचले, बांध घातले, आवाराची भिंत उभारली. ही माणसं स्वतः दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारी गरीब कुळं होती. त्यांच्याजवळ देण्यासारखं श्रमांखेरीज काही नव्हतं, आणि ते त्यांनी दिले. मठ उभा राहिला, त्याची शाळा झाली, पिढ्या शिकल्या. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं की आयर्लंडमधले सिस्टर्शियन या, बेनेडिक्टचीच नियमावली पाळणाऱ्या, संघाचे तीन मठ एकत्र येणार, आणि जानेवारी २०२५ मध्ये माउंट मेलेरे बंद झाला.

तिथल्या साधूंना मी दोष देत नाही. माणसं थकली, नवी येईनात, एवढं मोठं आवार सांभाळणं जमेना. तीन लहान समूहांनी एकत्र राहणं हाच शहाणपणाचा मार्ग असू शकतो. माझा प्रश्न कायद्याला आहे. देणगीदारांची इच्छा सांभाळा, असं ६१६ वं कलम सांगतं. ज्याची पावती मठाच्या दप्तरात आहे तेवढाच देणगीदार का? ज्यांनी उतारावरचे दगड वाहिले त्यांची नावं कुठल्या वहीत नाहीत. पण त्यांचे पणतू-खापरपणतू तिथेच आसपास राहतात. भिंतीतला एखादा दगड आपल्या घरातल्या कुणीतरी वाहून आणलेला आहे, हे त्यांना माहीत आहे. त्यांच्याशी आधी बोललं पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. मला हे चुकीचं वाटतं.

मठांना तर हे दुःख दुसऱ्या कुणापेक्षाही जास्त कळायला हवं. मेलेरेच्या साधूंना फ्रान्सने विचारलं नव्हतं. डुएच्या साधूंना क्रांतीने विचारलं नव्हतं. मुरीच्या साधूंना आरगाऊने विचारलं नव्हतं. आपलं घर, आपली शेतं, आपलं ग्रंथालय यांच्याबद्दल दुसऱ्या कुठल्यातरी दालनात बसलेली माणसं ठरवतात आणि आपल्याला नंतर कळवतात, हा अनुभव व्रतस्थांच्या इतिहासात जागोजागी आहे. गावाच्या वाट्याला तो मठाकडून येऊ नये.

बेनेडिक्टच्या नियमावलीतच याची वाट दिसते. तिसरं प्रकरण सांगतं की मठात काही महत्त्वाचं ठरवायचं असेल तेव्हा मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावं, विषय मांडावा आणि प्रत्येकाचं ऐकावं. सगळ्यांना का, तर अधिक चांगला मार्ग कोणता हे देव पुष्कळदा धाकट्याला सुचवतो. शेवटचा निर्णय मठाधिपतीचा, हेही तिथे स्पष्ट आहे. पण ऐकल्याशिवाय निर्णय नाही. माझी मागणी यापेक्षा तसूभरही जास्त नाही. गावाला नकाराधिकार द्या असं मी म्हणत नाही. गावाचं ऐकल्याशिवाय शिक्का मारू नका, एवढंच म्हणते.

ऐकल्याने काय होतं याचं एक उदाहरण आयर्लंडमध्येच आहे. रॉस्क्रेच्या मठाने १९०५ मध्ये काढलेली मुलांची शाळा पटसंख्या घसरल्यामुळे बंद करण्याचं २०१७ च्या फेब्रुवारीत जाहीर झालं. पालक आणि माजी विद्यार्थी एकत्र आले, त्यांनी पैसा उभा केला, शाळा चालवण्याची योजना मांडली, आणि काही आठवड्यांत निर्णय मागे घेतला गेला. पालकांमध्ये ही ताकद आधीपासूनच होती. धोका किती मोठा आहे हे कळल्यावर ती एकवटली. मग वाटतं, हीच माणसं दोन वर्षं आधी चर्चेला बसलेली असती तर? सगळी धावपळ, मुलांची ती घालमेल, शिक्षकांच्या झोपा उडणं, यातलं बरंच टळलं असतं. आणि प्रत्येक गावाला असे दूरवर पसरलेले, पैसा उभा करू शकणारे माजी विद्यार्थी नसतात. ज्या गावाला नसतात, त्या गावाला तर जास्त अवधी लागतो.

नियमावलीतली दुसरी जागा ६४ व्या प्रकरणात आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. मठातल्या सगळ्यांनी संगनमत करून आपल्या दुर्गुणांना पाठीशी घालणारा मठाधिपती निवडला, आणि ते बाहेर समजलं, तर काय करायचं? बेनेडिक्ट म्हणतो की तिथल्या बिशपांनी, दुसऱ्या मठाधिपतींनी किंवा आसपास राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी मध्ये पडून ते हाणून पाडावं. शुद्ध हेतूने असं करणाऱ्याला पुण्य लागेल, आणि दुर्लक्ष करणाऱ्याला पाप. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी, मठांचा पाया घालणाऱ्या माणसाने शेजाऱ्यांच्या हातात केवढं मोठं काम दिलं होतं! मठाच्या आत काय चाललंय याच्याशी गावाचा काही संबंध नाही, असं त्याने मानलं नव्हतं.

हे काम होत राहिलं असतं तर काही गोष्टी कदाचित घडल्या नसत्या. मला त्या टाळून पुढे जाता येणार नाही, कारण मठाच्या शाळांबद्दल जिव्हाळ्याने लिहायचं आणि त्या शाळांत मुलांवर झालेल्या अत्याचारांबद्दल गप्प बसायचं, हे शिक्षिकेला शोभत नाही. फोर्ट ऑगस्टसच्या शाळेतल्या मुलांनी काय सोसलं ते २०१३ मध्ये बीबीसीने जगासमोर आणलं. स्कॉटलंडच्या बाल अत्याचार चौकशीने २०२१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. इंग्लंडच्या चौकशी आयोगाचा ॲम्पलफोर्थ आणि डाउनसाइडच्या शाळांवरचा अहवाल २०१८ मध्ये आला. मिनेसोटातल्या सेंट जोसेफ या लहान गावच्या बेनेडिक्टाइन भगिनींनी मूळ निवासी मुलांच्या निवासी शाळांतल्या आपल्या सहभागाबद्दल त्या लोकांची माफी मागितली आहे.

छोट्या गावात मठाचा शब्द मोठा असतो, आणि त्या मोठेपणाखाली मुलांचा आवाज दबतो. ज्या मठावर आपली भाकरी अवलंबून आहे त्याच्याविरुद्ध बोलायला कोण धजावेल? काही गावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं असेल, तर तो दोष गावांचाही आहे. म्हणूनच गावाला विचारा असं म्हणताना मला फक्त मठाचे गोडवे गाणारी माणसं अभिप्रेत नाहीत. ज्यांना त्या आवारात इजा झाली, ज्यांना त्या फाटकाकडे बघवत नाही, त्यांनाही बोलावलं पाहिजे, आणि त्यांना सोयीच्या जागी, त्यांना सोयीच्या पद्धतीने बोलता आलं पाहिजे. मठ बंद झाला की हा दरवाजाही बंद होतो. पत्ता उरत नाही, उत्तर देणारं माणूस उरत नाही, दप्तर खोक्यांत भरून दुसऱ्या देशात जातं. चाळीस वर्षांनी एखादा माणूस धीर करून आपलं बालपण शोधायला येतो, तेव्हा त्याला वर्गाची हजेरी सापडली पाहिजे, वसतिगृहाची नोंदवही सापडली पाहिजे. शाळेच्या दप्तराची पूर्ण प्रत त्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयात किंवा सरकारी दप्तरखान्यात, गोपनीयतेचे नियम पाळून, ठेवल्याशिवाय कुठलीही शाळा बंद करू देऊ नका. याबाबतीत मला कुठलीही तडजोड मान्य नाही.

यावर येणारा एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. शाळा बंद होऊ शकते एवढी कुणकुण लागली तरी पालक मुलं काढून घेतात, आणि बोलल्यामुळेच शाळा मरते. हे खरं आहे. शिक्षकांच्या खोलीत अशी अफवा कशी पसरते ते मी पाहिलं आहे. पण गुप्तता ठेवल्यानेही अफवा थांबत नाही. ती फक्त जास्त भीतिदायक होते. यावर उपाय एकच. गावासमोर पहिल्या दिवशी येताना हातात एक ठाम हमी असावी: आज शाळेत असलेलं प्रत्येक मूल इथेच आपलं शिक्षण पूर्ण करेल, किंवा त्याची पर्यायी सोय आम्ही लावून देऊ. ही हमी देण्याइतका पैसा हाताशी आहे तोवरच बोलायला सुरुवात करावी लागते. तिजोरी रिकामी झाल्यावर गावाला बोलावणं म्हणजे फक्त बातमी सांगणं.

दुसरं असं म्हटलं जातं की ही गावं आता पूर्वीसारखी श्रद्धाळू राहिलेली नाहीत. निम्मे लोक चर्चला येत नाहीत, काही वेगळ्या धर्माचे आहेत, मग त्यांचं का ऐकायचं? कारण ते शेजारी आहेत. त्यांचीही मुलं त्या शाळेत जातात, मठाच्या रानातून येणारं पाणी त्यांच्याही विहिरींत उतरतं, मठाची शेतं विकली जाऊन तिथे बंगले उभे राहिले तर घरांच्या किमती त्यांच्याही आवाक्याबाहेर जातात. अमेरिकेत युटा राज्यातल्या हंट्सव्हिलचं उदाहरण घ्या. गाव लहान, आणि त्या राज्यात बहुसंख्य लोक मॉर्मन. तिथला १९४७ चा, ट्रॅपिस्ट या कॅथलिक साधूसंघाचा मठ २०१७ मध्ये बंद झाला. पण त्याची शेतजमीन अशा हातांत गेली की ज्यांनी तिथे बांधकाम होऊ नये म्हणून संवर्धनाचा करार केला. साधू कॅथलिक, शेजारी बहुतेक दुसऱ्या पंथाचे, आणि तरी जमीन शेतीचीच राहिली. हे होऊ शकतं.

आणि म्हाताऱ्या व्रतस्थांचं काय? त्यांना गावासमोर उभं करून त्यांची परीक्षा घ्यायची का? मुळीच नाही. उलट मला वाटतं की गावाला आधी कळलं तर त्यांचाच भार हलका होईल. ऐंशी-नव्वदीतल्या पाच-सहा भगिनी गळक्या छपराची आणि वाढत्या बिलांची काळजी भिंतीआड एकट्या वाहत असतात, आणि भिंतीबाहेर त्यांनीच शिकवलेली माणसं असतात, ज्यांना यातलं काहीच ठाऊक नसतं. त्यांना सांगितलं तर ती धावून येणार नाहीत का?

६१६ वं कलम बदलणं आपल्या हातात नाही, ते पोपमहाशयांच्या हातात आहे, हे मला समजतं. ते बदलावं असा आग्रह आपण त्यांच्याकडे धरावा, ही माझी विनंती आहेच. पण दोन गोष्टी आपल्या खात्याच्या आवाक्यात आहेत आणि त्यांना कायदा बदलण्याची वाट पाहावी लागणार नाही.

एक, ६३८ व्या कलमाप्रमाणे ठरलेल्या रकमेवरची किंवा कलेच्या आणि इतिहासाच्या दृष्टीने मोलाची मालमत्ता विकायची तर रोमची परवानगी लागते. व्रतस्थ संस्थांचे हे अर्ज आपल्याकडे येतात. प्रत्येक अर्जासोबत गावाचं लेखी म्हणणं जोडलेलं हवं, अशी अट घाला. त्यात ग्रामसभेचं, शाळेच्या पालकांचं, मठातल्या कामगारांचं आणि माजी विद्यार्थ्यांचं म्हणणं यावं. ते गोळा करायला किमान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष दिलेलं असावं. ते जोडलेलं नसेल तर अर्ज परत पाठवा.

दोन, भगिनींचे मठ. २०१८ च्या ‘कोर ओरान्स’ या आपल्याच खात्याच्या सूचनापत्रात म्हटलं आहे की एखाद्या स्वायत्त मठात अंतिम व्रतं घेतलेल्या भगिनी पाचवर आल्या की त्यांचा आपली प्रमुख निवडण्याचा हक्क संपतो. मग रोमला कळवलं जातं आणि त्या मठाचं पुढे काय करायचं हे पाहायला खास समिती नेमली जाते. तिच्यात बिशप असतात, मठसंघाच्या प्रतिनिधी असतात, मठाच्या प्रमुख असतात. मठ बंद होणार की नाही, याची खरी चर्चा त्या समितीत होते. आपण नर्सिंग शिकलात, मोझांबिकमध्ये लोकांत राहून काम केलंत, या खात्याच्या प्रमुखपदी आलेल्या आपण पहिल्या स्त्री आहात. त्या समितीत आणखी एक खुर्ची वाढवा, सिस्टर. ती मठाच्या गावातून आलेल्या माणसाला द्या, आणि मठाची शाळा असेल तर तिथल्या शिक्षिकेला किंवा पालकाला. पुढच्या वेळी अशी समिती नेमण्याचं पत्र आपल्या टेबलावर येईल, तेव्हापासूनच हे करता येईल.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका